सेमिस्टरचं ओझं आणि घसरणारा एसजीपीए : या चुका टाळा

"सहा-सहा सब्जेक्ट देऊन राहिले, वेळच नाही पुरत!" नागपुरात धरमपेठ असो की नंदनवन, कुठल्याही अभ्यासिकेत ही तक्रार ऐकू येते. तक्रार खोटी नाही. पण विषय मोजून ओझं कळत नाही, त्यासाठी क्रेडिट, म्हणजे प्रत्येक विषयाचं वजन, बघावे लागतात.

नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या एका सेमिस्टरला साधारण 22 क्रेडिट आहेत. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटमागे 30 तासांचा अभ्यास धरला आहे, म्हणजे एकूण 660 तास. 15 आठवड्यांत वाटले तर आठवड्याला 44. थिअरीच्या क्रेडिटचे यातले 15 तास वर्गात होतात, उरलेले 15 स्वतःचे स्वतः भरायचे असतात. तासिका संपल्या की सुटलो, असं मानणं ही पहिली चूक.

दुसरी चूक : सगळ्या विषयांना सारखं तोलणं. 22 क्रेडिटच्या सेमिस्टरमध्ये 4 क्रेडिटच्या विषयात एक ग्रेड पॉइंट वाढला, तर एसजीपीए (सेमिस्टरची ग्रेड पॉइंटची सरासरी) 0.18 ने वाढतो; 2 क्रेडिटच्या विषयात फक्त 0.09 ने. प्रत्यक्षात मात्र मुलं 2 क्रेडिटच्या फाइलला रात्र-रात्र सजवत बसतात, कारण त्या फाइलसाठी सर मागे लागलेले असतात. मोठ्या थिअरीसाठी डिसेंबरपर्यंत कोणीच मागे लागत नाही.

आता बॅकचं, म्हणजे राहिलेल्या विषयांचं बोलू, कारण खरं नुकसान तिथेच होतं. "पुढच्या वेळी काढून टाकू" म्हणून 4 क्रेडिटचे दोन विषय सोडले, की पुढच्या सेमिस्टरला तयारी 22 ची नाही, 30 क्रेडिटची होते. शिवाय त्या विषयांचे वर्ग आता नसतात, नोट्स कोणाकडे तरी गेलेल्या असतात. मग जुना विषय काढण्याच्या नादात चालू विषय सुटतो. बॅक असेल तर तो परीक्षेचा फॉर्म भरताना आठवू नये. सेमिस्टरच्या पहिल्या महिन्यातच आठवड्याचे दोन दिवस त्याच्या नावावर टाका. आणि झेपत नसेल तर एमपीएससीचा क्लास सहा महिने पुढे ढकला. घरच्यांना हे पटवणं कठीण जातं, ठाऊक आहे.

ओझं वाढलं की अभ्यासाची पद्धतही बिघडते. झेरॉक्सच्या दुकानातून क्वेश्चन बँक आणायची आणि मार्करने रंगवत वाचत सुटायचं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे. वेळ कमी असेल तर उत्तर एकदा वाचा, वही मिटवा आणि मुद्दे लिहून काढा.

उन्हाळी परीक्षेचं वेगळं. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना दुपारी कूलरसमोर केलेल्या पाठांतरावर विसंबू नका. अवघड थिअरी पहाटे उरकावी, दुपारी जर्नल किंवा आकृत्या. लोकमान्य नगरहून मेट्रोने सीताबर्डीला येणाऱ्यांनी तो वेळ मुद्दे आठवून बघायला वापरावा. गर्दीत जर्नल तसंही लिहून होत नाही.