अमेरिकेच्या इतिहासातला दिनविशेष : ४ जुलैचा फळा कसा तयार करावा

परिपाठात सुविचार आणि बातम्यांच्या जोडीने दिनविशेष वाचला जातो. सातारा-सांगलीकडच्या बहुतेक शाळांत तो फळ्यावरही लिहितात. भारतातल्या घटना शिक्षकांना ठाऊक असतात, त्यामुळे चूक झाली तरी कुणाच्या तरी लक्षात येते. अमेरिकेच्या इतिहासातली नोंद मात्र आयत्या यादीतून जशीच्या तशी उतरते आणि चूक असली तर दरवर्षी तीच चूक फळ्यावर येते. पुढची पद्धत ४ जुलै या तारखेवर दाखवली आहे, कारण त्या तारखेला घटना भरपूर आहेत आणि चुकायच्या जागाही तितक्याच आहेत. २०२६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षं पूर्ण होतात. त्या दिवशी शनिवार, म्हणजे सकाळची शाळा. फळा शुक्रवारी संध्याकाळीच लिहून ठेवावा लागेल.

आधी जागा मोजा, मग घटना शोधा. ४ फूट रुंद आणि ३ फूट उंच फळा धरू. चारही बाजूंनी २ इंच सोडले की ४४ इंच बाय ३२ इंच उरतात. तारखेच्या शीर्षकाला ६ इंच द्या. दहा फुटांवरून वाचता यायचं तर अक्षर निदान एक इंच उंच हवं, सव्वा इंच असेल तर उत्तम. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार येतात, म्हणून दोन ओळींच्या शिरोरेषांत अडीच इंच अंतर ठेवा. एवढ्यात १० ओळी बसतात आणि एका ओळीत सहा-सात शब्द. म्हणजे सगळा मजकूर ६५ ते ७० शब्दांचा आणि घटना पाच. सहावी घातली की अक्षर बारीक होतं आणि मागच्या रांगेतली मुलं वाचणं सोडून देतात.

आता पंधरा-सोळा घटना जमवा आणि प्रत्येकीला एक कार्ड द्या. कार्डावर पाच गोष्टी हव्यात : तारीख, वर्ष, ठिकाण, कोणी, आणि नेमकं काय केलं. या पाचव्या गोष्टीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण दिनविशेषातल्या बहुतेक चुका क्रियापदाच्या असतात. तारीख बरोबर असते, पण त्या तारखेला जे झालं म्हणून लिहिलेलं असतं ते भलत्याच दिवशी झालेलं असतं.

१७७६ चंच पाहा. ‘४ जुलैला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या’ असं वाक्य सर्रास दिसतं. इंग्लंडपासून वेगळं व्हायचा ठराव अमेरिकेतल्या तेरा इंग्रज वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने फिलाडेल्फियात २ जुलैला मंजूर केला. बारा वसाहतींनी बाजूने मत दिलं, न्यूयॉर्कच्या प्रतिनिधींना घरून परवानगी आली नव्हती म्हणून ते गप्प राहिले. सभेतले एक प्रतिनिधी जॉन ॲडम्स यांनी दुसऱ्या दिवशी पत्नीला लिहिलं की पुढच्या पिढ्या २ जुलै हाच मोठा सण मानतील. ४ जुलैला मंजूर झाला तो जाहीरनाम्याचा मजकूर. त्याच रात्री जॉन डनलॅप यांच्या छापखान्यात तो छापायला गेला. न्यूयॉर्कची संमती ९ जुलैला आली. चर्मपत्रावर सुवाच्य प्रत काढायचा हुकूम १९ जुलैला निघाला आणि बहुतेकांच्या सह्या २ ऑगस्टला झाल्या. सह्या करणारे एकूण ५६. म्हणून ४ जुलैच्या कार्डावर क्रियापद एकच : मजकूर ‘मंजूर केला’. ‘तेरा वसाहतींनी’ असंही लिहू नका, त्या दिवशी त्या बाराच होत्या.

कायद्यांच्या बाबतीत असंच घडतं. गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहात ३१ जानेवारी १८६५ ला मंजूर झाली, पुरेशा राज्यांची संमती ६ डिसेंबरला मिळाली आणि तसं अधिकृतपणे जाहीर झालं १८ डिसेंबरला. तिन्ही तारखा खऱ्या आहेत, फक्त प्रत्येकीचं क्रियापद वेगळं. लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली १४ एप्रिल १८६५ च्या रात्री, ते वारले १५ एप्रिलच्या सकाळी. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा ४ जुलै १८८४ ला अमेरिकेच्या स्वाधीन झाला तो पॅरिसमध्ये. न्यूयॉर्कच्या बंदरात त्याचं अनावरण २८ ऑक्टोबर १८८६ ला झालं. कार्डावर ठिकाण लिहायची सवय असली की अशी घटना आपोआप पकडली जाते.

तारीखच चुकते ती मुख्यतः चार कारणांनी. अमेरिकेत महिना आधी लिहितात, दिवस नंतर. ७/४ म्हणजे त्यांचा ४ जुलै. आपल्या सवयीने तो ७ एप्रिल होतो. तारखेचा आकडा १२ पेक्षा मोठा असेल तर चूक लगेच कळते, १२ पर्यंतचे आकडे फसवतात. म्हणून कार्डावर महिना अक्षरांतच लिहा.

दुसरं कारण घड्याळाचं. वॉशिंग्टन आपल्या हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतं. चंद्रावर यान उतरलं ते अमेरिकेत २० जुलै १९६९ च्या दुपारी. आपल्याकडे तेव्हा २१ तारखेची मध्यरात्र उलटून पावणेदोन वाजले होते. केनेडींवर डॅलसमध्ये २२ नोव्हेंबर १९६३ ला दुपारी साडेबाराला गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा आपल्याकडे बरोबर रात्रीचे बारा. जुन्या मराठी वर्तमानपत्रांच्या तारखेवरून शोधाल तर एक-दोन दिवस पुढे जाल. जिथे घटना घडली तिथली तारीख धरायची, हा नियम एकदा ठरवा आणि मोडू नका.

तिसरं जुन्या पंचांगाचं. इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींनी १७५२ साली दिनदर्शिका बदलली, २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. त्याआधीच्या माणसांच्या दोन जन्मतारखा सापडतात : जॉर्ज वॉशिंग्टन यांची जुनी तारीख ११ फेब्रुवारी १७३१, आजची २२ फेब्रुवारी १७३२. नवी घ्या. चौथं कारण वारावर चालणाऱ्या सणांचं. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो, कामगार दिन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी. अशा दिवसाला कायमचं कार्ड करूच नका.

पडताळणीला दोन स्वतंत्र जागा हव्यात. एकमेकांवरून उतरवलेल्या दोन याद्या म्हणजे एकच जागा. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर ‘टुडे इन हिस्टरी’ या नावाने रोजच्या तारखेचं पान असतं, त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मूळ कागद पाहता येतात. मराठी नावं आणि पार्श्वभूमी यासाठी आपल्या वाईत तयार झालेला मराठी विश्वकोश हाताशी ठेवा. वाचनालयात त्याचे खंड मिळतात आणि तो संगणकावरही वाचता येतो.

विश्वकोशात आणि जुन्या पुस्तकांत मात्र ‘अमेरिकेची संयुक्त संस्थाने’ असा शब्द आहे. तो फळ्यावर घेऊ नका. सांगलीच्या मुलाच्या डोळ्यांपुढे संस्थान म्हटलं की पटवर्धनांचं संस्थान आणि गणपती मंदिर येतं. तिकडच्या स्टेटला ‘राज्य’ म्हणा. ‘काँग्रेस’ हा शब्दही जपून वापरा. १७७६ ची काँटिनेंटल काँग्रेस म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, पण मूल ती आपल्याकडची काँग्रेस समजतं. तिकडचा गव्हर्नर लोकांनी निवडून दिलेला असतो, त्याला ‘राज्यपाल’ म्हटलं की अर्थ बदलतो. सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हणजे परराष्ट्रमंत्री. ‘रेड इंडियन’ अजिबात नको. जमात माहीत असेल तर तिचं नाव लिहा, लकोटा किंवा शायेन, नाहीतर ‘मूळ रहिवासी’. उच्चारही आधी पाहून ठेवा : आर्कन्सॉ, इलिनॉय, कनेटिकट. परिपाठात वाचणारं मूल पाचवीतलं असतं. ते अडखळलं की ऐकणाऱ्यांना घटनेऐवजी अडखळणंच लक्षात राहतं.

कार्डं पक्की झाली की निवड करा. ४ जुलैला जमतील ती अशी : १८१७ साली न्यूयॉर्क राज्यात ईरी कालव्याच्या खोदाईला सुरुवात, १८२६ साली ॲडम्स आणि जेफरसन यांचा मृत्यू, १८२७ साली न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरीचा शेवट, १८६३ साली व्हिक्सबर्गची शरणागती, १८८१ साली सुरू झालेली टस्कीगीची कृष्णवर्णीयांसाठीची शाळा, १९६० साली पन्नास चांदण्यांचा झेंडा, १९६६ साली माहितीच्या हक्काचा कायदा, १९९७ साली मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान. सगळी मोहक आहेत. पण ज्या घटनेला समजावून सांगायला आणखी तीन वाक्यं लागतात ती फळ्यावरून उतरवा. व्हिक्सबर्गसाठी आधी यादवी युद्ध सांगावं लागतं. ईरी कालवा घ्यायचा झाला तर ‘बोटींसाठीचा कालवा’ असंच लिहा. कराडजवळ खोडशीच्या बंधाऱ्यातून निघणारा कृष्णा कालवा पाहिलेलं मूल कालवा म्हणजे शेताचं पाणी असंच समजणार. झेंड्याची नोंद मात्र शिक्षकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे : हवाई राज्य झालं २१ ऑगस्ट १९५९ ला, पण १८१८ च्या कायद्याप्रमाणे नवी चांदणी पुढच्या ४ जुलैलाच लागते.

निवडीत युद्धं आणि राष्ट्राध्यक्ष यांचीच गर्दी होऊ देऊ नका. निदान दोन नोंदी अशा हव्यात ज्यांचा धागा इथल्या मुलांना आपल्या गावापर्यंत ओढता येईल. टस्कीगीची शाळा अशी आहे. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी ती सुमारे ३० विद्यार्थ्यांना घेऊन पडक्या खोलीत सुरू केली, पुढे विद्यार्थ्यांनी स्वतः विटा भाजून इमारती उभारल्या. रयत शिक्षण संस्थेची ‘कमवा आणि शिका’ योजना ज्या जिल्ह्यात घरोघरी माहीत आहे, तिथे ही नोंद समजावून सांगावी लागत नाही. फक्त एकाने दुसऱ्याकडून घेतलं असं सुचवू नका, साम्य दाखवा आणि थांबा. १८२७ ची नोंदही अशीच. त्याच वर्षी ११ एप्रिलला जोतीराव फुले जन्मले, त्यांचं घराणं मूळचं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना ते अर्पण केलं. हे वाक्य फळ्यावर बसणार नाही, परिपाठात शिक्षकाने तोंडी सांगावं.

त्याच तारखेला, १९०२ साली, स्वामी विवेकानंदांनी बेलूर मठात देह ठेवला. ती नोंद आपल्या दिनविशेषात वर, स्वतंत्र असावी. शिकागोशी त्यांचा संबंध होता म्हणून अमेरिकेच्या रकान्यात ढकलू नये.

लिहायचा मजकूर असा होईल :

४ जुलै : अमेरिकेच्या इतिहासात
१७७६ – वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने फिलाडेल्फियात स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मजकूर मंजूर केला.
१८२६ – जॉन ॲडम्स आणि थॉमस जेफरसन हे माजी राष्ट्राध्यक्ष एकाच दिवशी वारले.
१८२७ – न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली.
१८८१ – बुकर टी. वॉशिंग्टन यांनी टस्कीगी येथे कृष्णवर्णीयांसाठी शाळा सुरू केली.
१९६६ – सरकारी कागदपत्रं पाहण्याचा हक्क देणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली.

शेवटच्या नोंदीत ‘लागू झाला’ लिहाल तर चुकेल. तो कायदा लागू झाला बरोबर एका वर्षाने, ४ जुलै १९६७ ला. आपला माहिती अधिकार १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला, तुलना करायची तर ही तारीख सांगा.

फळ्यावर ओळी आखायला पट्टी पुरत नाही. सुताराप्रमाणे सूत मारा : जाड दोरा खडूच्या भुकटीत घोळवा, दोघांनी दोन टोकांना ताणून धरा, मधोमध उचलून सोडा. फिकट सरळ रेघ उमटते आणि नंतर फुंकरीने जाते. वर्षाचा आकडा पिवळ्या खडूने, मजकूर पांढऱ्याने. लाल आणि निळा खडू हिरव्या फळ्यावर लांबून दिसत नाही. जुलैत साताऱ्याकडे हवा इतकी ओली असते की फळा घाम आल्यासारखा होतो आणि खडू घसरतो. लिहिण्याआधी ओल्या फडक्याने पुसू नका. कोरड्या सुती कापडाने पुसा, पंख्याखाली पंधरा मिनिटं राहू द्या आणि खडू घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ओल्या खडूने काढलेली अक्षरं वाळल्यावर पांढुरकी, जाड होतात आणि डस्टरने निघत नाहीत.

लिहून झाल्यावर दुसऱ्या कुणाला तरी कार्डं हातात देऊन फळा मोठ्याने वाचायला सांगा. लिहिणाऱ्याला स्वतःचे आकडे बरोबरच दिसतात. १८२६ आणि १८२७ इथे हमखास अदलाबदल होते.

४ जुलैला शाळा सुटल्यावर फळा पुसा आणि एक कार्ड पुढच्या दिवसासाठी काढून ठेवा. गुलामगिरीतून सुटून तिच्याविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस यांचं गुलामांना ४ जुलै काय वाटतो हे विचारणारं रॉचेस्टरचं भाषण पुष्कळ याद्यांत ४ जुलैलाच दिलेलं असतं. १८५२ साली ४ जुलै रविवारी आला होता, म्हणून ते भाषण सोमवारी, ५ जुलैला झालं.