पीएच.डी.ची तयारी: आधी गाईडकडे जागा आहे का ते बघा

मार्कशीट, पदवी प्रमाणपत्र, आधार, फोटो हे सांगायला नको. पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. कोणी करत नाही ते एकच: गाईडकडे जागा रिकामी आहे का ते विचारणं. अर्ज भरायच्या आधी विचारा, पेट (विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा) किंवा नेट (यूजीसीची देशपातळीवरची पात्रता परीक्षा) यांच्या निकालाची वाट बघू नका. मागच्या खेपेला माझं इथेच अडलं. पेट पास, पण गाईड नाही.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेताच येत नाही. विद्यापीठाच्या यादीत गाईडची नावं भरपूर दिसतात, पण कोणाच्या जागा भरल्यात आणि कोण निवृत्तीला टेकलंय, हे त्यात कळेलच असं नाही. म्हणून मेल करा. दोन ओळींत विषय, मग सरळ प्रश्न: जागा आहे का, कोणत्या प्रवर्गाची? निवृत्तीचं सरांना किंवा मॅडमना तोंडावर विचारणं बरं दिसत नाही, ते विभागाच्या ऑफिसात विचारा. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर फोन करा, तरीही नाही तर स्वतः जा. लाजू नका.

मुंबई विद्यापीठाचं कलिना एके कलिना करू नका. सावंतवाडी-कुडाळकडच्यांना गोवा विद्यापीठ जवळ पडतं, समुद्रविज्ञान असेल तर गोव्यातच दोनापावलाची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) आहे. शेतीवाल्यांना दापोलीचं कृषी विद्यापीठ, मासळीवाल्यांना रत्नागिरीजवळचं शिरगावचं मत्स्य महाविद्यालय. कुठेही गेलात तरी जागा आधी विचारायची.

आता पैसे. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. जेआरएफचं पत्र तीन वर्षं चालतं. पण नेटमध्ये नुसते पीएच.डी.पुरते पात्र ठरलात तर तो निकाल एकच वर्ष चालतो, आणि ते वर्ष गाईड शोधण्यात गेलं तर परत परीक्षा. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपला पीएच.डी.च्या नोंदणीचा कागद लागतो, आणि गाईडशिवाय नोंदणी होत नाही. बघा, फिरून तिथेच आलो.

ओबीसी असाल तर नेटसाठी नॉन-क्रिमीलेअरचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही. सेतूत अर्ज देतानाच तसं स्पष्ट सांगा, आणि गणपतीच्या आधी हातात घ्या. त्या दिवसांत ऑफिसात माणूस भेटत नाही. फॉर्म शेवटच्या तारखेवर ठेवू नका, पावसात लाइट गेली की दिवस गेला.

मुलाखतीला संशोधन प्रस्ताव छापून न्या, आपला विषय याच गाईडकडे का, हे बोलता आलं पाहिजे. आदल्या दिवशी जागा अजून आहे ना, एकदा फोन करून विचारा. मुंबईला जाणार असाल तर तुतारी एक्सप्रेसचं तिकीट वेळेत काढा. फेलोशिपचा पहिला हप्ता उशिरा येतो, तोवरचं खोलीभाडं जवळ ठेवा. विद्यापीठ बदलणार असाल तर मायग्रेशनचा, म्हणजे जुनं विद्यापीठ सोडल्याच्या दाखल्याचा, अर्ज आत्ताच टाका.