मोठा पंप घ्यायच्या आधी: रीफ टँकमधलं पाणी नीट फिरवायचं कसं

माझा रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) ठेवलेला खाऱ्या पाण्याचा टँक, तीन फुटी आहे, ३६ बाय १८ बाय १८ इंच. कागदावर १९० लिटर होतात पण दगड, वाळू आणि वरची मोकळी पट्टी सोडली की खरं पाणी दीडशेच्या आसपासच. जुळे सोलापुरात राहतो, उजनीचं पाणी आरओमधून काढायचं आणि त्यात समुद्री मीठ कालवायचं, घरी येणारा प्रत्येक जण आधी हेच विचारतो की खारं पाणी आणता कुठून बे.

पहिल्या वर्षी माझा टोडस्टूल लेदर, म्हणजे छत्रीसारखा मऊ कोरल, बंद झाला. म्हणजे पॉलिप (कोरलची फुलासारखी छोटी तोंडं) सगळे आत आणि वर मेणासारखा चकचकीत पापुद्रा, आणि मागच्या उजव्या कोपऱ्यात वाळूवर लालसर बुळबुळीत थर, ती सायनो, म्हणजे सायनोबॅक्टेरिया. मला वाटलं फ्लो, म्हणजे पाण्याचा प्रवाह, कमी पडतोय, म्हणून सरळ डबल ताकदीचा वेव्हमेकर (टँकच्या आत पाणी फिरवणारा पंप) आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर अर्धी वाळू एका बाजूला ढीग लागलेली, पुढची काच तळापर्यंत उघडी, झोअँथिड (बटणासारखे छोटे कोरल) सगळे मिटलेले आणि ती सायनो जिथं होती तिथंच मजेत. पैसे गेले ते गेलेच. त्यानंतर जे शिकलो ते सांगतो.

कोरलला हलता येत नाही, त्याच्या अंगाला पाण्याचा एक पातळ स्थिर थर चिकटलेला असतो आणि ऑक्सिजन, खाणं, टाकाऊ माल सगळं त्यातूनच जातं येतं. दोरीवरच्या कपड्यांसारखं आहे, वारा पडला की दमट दिवशी कपडे वाळता वाळत नाहीत आणि थोडी झुळूक आली की लगेच फरक पडतो. पण झुळूक वेगळी आणि एकाच बाजूनं दिवसभर मारणारा टेबल फॅन वेगळा. एकाच दिशेचा जोराचा झोत कोरलच्या एका बाजूचं मांस सोलून काढतो आणि दुसरी बाजू उपाशी राहते. समुद्रात पाणी येतं, जातं, वळतं, तसं करायचंय आपल्याला.

आता आधी टँकमध्ये नक्की काय चाललंय ते बघा. माझी पद्धत एकदम देशी आहे. पूर्व भागातल्या एका दोस्ताच्या घरी यंत्रमाग आहेत, त्याच्याकडून बिनरंगाचं पांढरं सूत आणलं, चार इंचाचा तुकडा प्लॅस्टिकच्या फूटपट्टीच्या टोकाला बांधला आणि पट्टी टँकमध्ये घालून दर चार बोटांवर थांबत थांबत फिरवली. सूत खाली लोंबकळत राहिलं तर तिथं पाणी मेलंय. सूत ताठ आडवं होऊन एकाच दिशेला थरथरतंय तर तिथं झोत थेट लागतोय. आणि इकडं तिकडं वळवळतंय, मधेच वळसा घेतंय, तर ती कोरलची जागा. रंगीत सूत वापरू नका, रंग सुटतो. माझ्याकडं दगडाच्या मागं सूत अगदी मेल्यासारखं लटकत होतं आणि टोडस्टूलपाशी पण जवळपास तसंच. नवा पंप समोरच्या दगडावर आपटत होता नुसता, मागं काही पोचतच नव्हतं.

म्हणजे खरा गुन्हेगार दगडाची रचना. बरेच जण मागच्या काचेला टेकवून भिंत रचतात, मीही तेच केलं होतं. दगड काचेपासून दोन तीन इंच पुढं ओढा, खाली छोट्या दगडांचे पाय द्या म्हणजे पाणी खालून जातं, मधे एक दोन बोगदे ठेवा. हे एका दमात करू नका मात्र, मागं साठलेली घाण एकदम उसळली तर अमोनिया वाढू शकतो. मी तीन रविवारी थोडं थोडं केलं, आधी टर्की बेस्टरनं (मोठ्या ड्रॉपरसारखी पिचकारी) घाण उडवायची, सायफननं ओढायची आणि लगेच पाणी बदलायचं.

मग पंप. हॉबीतला ढोबळ हिशोब असा की सॉफ्ट कोरलला टँकच्या पाण्याच्या तासाला १० ते २० पट फ्लो, एलपीएसला (मोठ्या पॉलिपचे दगडी कोरल) २० ते ३० आणि एसपीएसला (छोट्या पॉलिपचे दगडी कोरल) ३० ते ५० किंवा वर. माझं सगळं सॉफ्ट, झोअँथिड, मशरूम, लेदर, म्हणून १५० गुणिले २०, तीन हजार लिटर तासाला पुरे. (आपल्या समुद्रातले दगडी कोरल आणि सी फॅन १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, कोणी किनाऱ्यावरून आणलेला तुकडा स्वस्तात देतो म्हणाला तर हात जोडा.) हा आकडा एका पंपानं गाठण्यापेक्षा दोन छोट्यांनी गाठा. एक डाव्या काचेवर वरच्या भागात, तोंड समोरच्या काचेच्या मध्याकडं आणि किंचित वर, म्हणजे पृष्ठभागावर सळसळ राहते. दुसरा उजव्या काचेवर मागं, थोडा खाली, दगड आणि मागची काच यांच्यामधल्या गल्लीत मारणारा. झोत कोरलवर धरायचा नाही, काचेवर धरायचा, काचेवर आपटून फुटलेलं पाणी कोरलला पाहिजे असतं. कंट्रोलर असेल तर दोन्ही आलटून पालटून चालवा, रात्री कमी करा. वाळूत खड्डा पडला तर वेग कमी करायच्या आधी पंप दोन बोटं वर सरकवून बघा. ॲनिमोन (जागा बदलत सरकणारा फुलासारखा प्राणी) असेल तर पंपाला जाळी किंवा स्पंज हवाच, नाहीतर एक दिवस त्याची चटणी होणार.

हलवल्यावर लगेच परत हलवू नका, आठवडाभर थांबा. माझ्या टोडस्टूलचा पापुद्रा पाचव्या दिवशी कडेनं सुटायला लागला, साबणाच्या पातळ पापडीसारखा लोंबत होता, आणि दोन दिवसांनी पूर्ण निघून पॉलिप बाहेर आले. तो मोठा पंप तेव्हापासून कपाटात आहे.

संपवरून, म्हणजे टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतून, पाणी वर आणणाऱ्या रिटर्न पंपाच्या फ्लोवर विसंबू नका. खोक्यावर लिहिलेला आकडा शून्य उंचीचा असतो, चार फूट वर चढवलं आणि दोन एल्बो लावले की बराच खाली येतो. मोजायचंय तर नळी दहा लिटरच्या बादलीत सोडा आणि मोबाईलवर वेळ लावा, ३६ सेकंदात भरली म्हणजे तासाला हजार लिटर. माझ्या टँकला रिटर्नकडून तेवढं भरपूर, बाकीचं फिरवणं वेव्हमेकरचं काम.

सोलापूरचा उन्हाळा हा वेगळाच विषय आहे. मे मध्ये बाहेर ४३ असतं आणि गरम पाण्यात ऑक्सिजन मुळात कमी मावतो, त्यात पंपांची स्वतःची उष्णता. आपल्याकडची हवा कोरडी असल्यामुळं पाण्यावर तिरका लावलेला साधा फॅन चांगला गारवा देतो, पावसाळ्यात तेवढा नाही. पण पाणी सपाट्यानं उडतं, मीठ मागं राहतं, म्हणून रोज आरओचं गोडं पाणी भरायचं, खारं नाही, आणि घनता १.०२५ च्या आसपास ठेवायची.

लाईट गेल्यावर मासे आधी गुदमरतात. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर एसी पंप गुरगुरतो आणि तापतो, साइन वेव्हचा घ्या, नाहीतर निदान एक डीसी वेव्हमेकर त्याला चालेल अशा बॅटरीवर ठेवा. बॅटरीचा एअर पंप तर घरात असलाच पाहिजे.

आणि आज संध्याकाळी एक गोष्ट करा, रिटर्न पंपाची पिन काढा आणि संपकडं बघत उभे राहा. रिटर्नचं तोंड पाण्यात खोल असेल तर टँकचं पाणी उलटं खाली यायला लागतं, माझं पहिल्यांदा हॉलभर झालं होतं, दोन सोलापुरी चादरी त्यात गेल्या. तोंड पृष्ठभागाच्या इंचभर खालीच ठेवा, पाण्याच्या रेषेखाली नळीला बारीक भोक पाडा म्हणजे हवा शिरून सायफन तुटतो, आणि ते भोक शेवाळानं बुजतं म्हणून महिन्यातून एकदा टाचणीनं साफ करा. पाणी थांबलं की संपवर मार्करनं रेघ मारा, पंप बंद असताना पाणी त्या रेघेच्या वर कधी जाता कामा नये.

पंप स्वतः तीन महिन्यांनी धुवायचा. कॅल्शियम बसून इम्पेलर (आतला फिरणारा पंखा) जड होतो, फ्लो हळूहळू कमी होतो आणि आपल्याला कळत पण नाही. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, किंवा वाण्याकडचं लिंबूसत्व पाण्यात विरघळवून, बादलीत तासभर पंप चालवा, मग जुन्या टूथब्रशनं घासून साध्या पाण्यात दोनदा धुवा. इम्पेलर ओढताना सरळ ओढा, आतली सिरॅमिकची काडी तिरक्या हातानं कट्कन तुटते.