बाजार आणि पुळण: रत्नागिरीतल्या ट्रेडर-धावपटूसाठी सोळा आठवडे

हा आराखडा रत्नागिरी किंवा आसपासच्या किनाऱ्यावर राहून स्वतःच्या भांडवलावर शेअर बाजारात रोज काम करणाऱ्यांसाठी आहे. आज न थांबता पाच किलोमीटर धावता येतं आणि जानेवारीतली अर्धमॅरेथॉन (२१.१ किमी) दोन तासांच्या आत काढायची आहे, असं गृहीत धरलं आहे. दोन तास म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून मागे मोजलं तर सोळा आठवडे सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतात, म्हणजे गणपती गेले की लागलीच. गणपतीत सराव मोजायचा नाही. आरत्या, भजनं, जागरणं आणि मोदक यांच्यात वेळापत्रक घुसवलं की ते पहिल्याच आठवड्यात मोडतं.

ईर्ष्येने काम करणारा माणूस बाजारात आणि रस्त्यावर एकच चूक करतो: हुकलेलं भरून काढायला जातो. सकाळच्या सौद्यात आठ हजार गेले की दुपारी दुप्पट संख्या घेतो. मंगळवारचं धावणं बुडालं की बुधवारी दोन्ही दिवसांचं एकदम धावतो. पहिल्याने खातं रिकामं होतं, दुसऱ्याने पोटरी धरते. म्हणून या आराखड्याचा पहिला नियम असा की बुडालेलं धावणं आणि गेलेला पैसा त्याच आठवड्यात वसूल करायचा नाही.

झोप आधी ठरवा

रोखीचा बाजार सकाळी ९:१५ ते दुपारी ३:३० चालतो, त्याआधी ९ पासून प्री-ओपन, म्हणजे उघडण्याचा भाव ठरवणारं छोटं सत्र. उठायचं ४:४५ ला, बाहेर पडायचं ५:२० ला, परत ६:४०, नाश्ता ७:३०, टेबलावर ८:३०. हे सगळं बसवायचं तर रात्री साडेनवाला दिवा मालवावा लागतो. त्यामुळे रात्री साडेअकरापर्यंत आणि हिवाळ्यात त्याहूनही उशिरा चालणारं कमोडिटीचं सत्र सोळा आठवड्यांपुरतं बंद ठेवा. ते आणि पहाटेचं धावणं एकत्र चालत नाही, कितीही तरुण असलात तरी. दुपारी दोननंतर चहा-कॉफी नको. कॉफीतलं निम्मं कॅफीन साधारण पाच तासांनीही अंगात असतं.

सकाळी उठल्या उठल्या, पाय जमिनीवर टेकण्याआधी, मनगटावर बोट ठेवून पूर्ण ६० सेकंद ठोके मोजा आणि वहीत लिहा. पहिल्या दोन आठवड्यांत तुमची सरासरी कळेल. समजा ती ५४ आहे. एखाद्या दिवशी ६१ किंवा जास्त आले आणि झोपही सहा तासांच्या खाली असली, तर त्या दिवशी फक्त सावकाश अर्धा तास धावायचं. बाजारात काय करायचं ते पुढे येतं.

भरती-सुकतीचा हिशेब

किनाऱ्यावर धावणाऱ्याला घट्ट वाळू सुकतीलाच, म्हणजे ओहोटीलाच, मिळते. भरतीला वर उरते ती भुसभुशीत पुळण, तिथे टाच खाली रुतते आणि पोटरीवर ताण येतो. वेळ काढायची रीत कोकणात जुनी आहे: तिथीची पाऊणपट करा. पक्षाची चौथ असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरून सव्वाअकरा. दुसरी भरती साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी, आणि सुकती भरतीच्या सव्वासहा तास अलीकडे-पलीकडे. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी एकदा ताडून पाहा.

याचा उपयोग असा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी पहाटे पाचला सर्वांत खाली असतं आणि उधाणाचं असल्यामुळे फारच मागे जातं. भाट्याच्या किनाऱ्यावर तेव्हा चोपून बसलेल्या वाळूचा लांबलचक पट्टा मोकळा होतो. चतुर्दशीपासून तृतीयेपर्यंतचे पाच-सहा दिवस पहाटेचे किनाऱ्याचे धरा. सप्तमी ते नवमी पहाटे नेमकी भरती असते, ते दिवस रस्त्याचे. पंधरवड्यात एकदा पंचांग उघडून बाजाराच्या वेळापत्रकाशेजारी हे दिवस लिहून ठेवले की रोज सकाळी विचार करावा लागत नाही.

वाळू घट्ट असली तरी ती समुद्राकडे उतरती असते. एकाच दिशेने पाच किलोमीटर गेलात तर पाण्याकडचा पाय खाली पडत राहतो आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागतं. दर दहा मिनिटांनी वळा. अनवाणी धावायचं असेल तर पहिल्या आठवड्यात एका वेळी पाचच मिनिटं, मग दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. टाचेमागची शीर एकदा सुजली की दोन-तीन महिने जातात, आणि ही दुखापत उत्साहाच्या पहिल्या पंधरवड्यातच होते.

डिसेंबर-जानेवारीत इथे उजाडायला जवळजवळ सात वाजतात. पहाटे किनाऱ्यावर होडीचे दोर, जाळी आणि वाहून आलेले ओंडके अंधारात दिसत नाहीत. कपाळाला बांधायची बॅटरी हवीच, आणि शक्यतो एक सोबती.

आठवडा

सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची एक्स्पायरी, म्हणजे ऑप्शनचे सौदे संपायचा दिवस, मंगळवारी आणि सेन्सेक्सची गुरुवारी असते. ऑप्शनमध्ये असाल तर या दोन दिवशी डोकं ताजं लागतं. म्हणून मंगळवार-गुरुवार फक्त ३५-४० मिनिटं सावकाश, बोलत बोलत जाता येईल असं. बुधवारी वेगाचा सराव: दहा मिनिटं अंग गरम करून दहा-दहा मिनिटांचे तीन टप्पे, मध्ये दोन मिनिटं हळू. टप्प्यात तुटक दोन-तीन शब्दच बोलता यावेत. दहाव्या आठवड्यापर्यंत हे वीस-वीस मिनिटांच्या दोन टप्प्यांवर न्या. सोमवारी धावणं नाही, फक्त ताकदीचा व्यायाम. तोच शुक्रवारी पुन्हा, त्याआधी वीस मिनिटं हलकं धावून.

ताकदीत चार गोष्टी पुरतात: स्क्वॉट ८ चे ३ संच, एका पायावर टाच उचलणे प्रत्येकी १५ चे ३, एक पाय मागे खुर्चीवर ठेवून बैठक प्रत्येकी ८ चे ३, आणि कुशीवरचा प्लँक दोन्ही बाजूंना ३०-३० सेकंद तीनदा. सहा तास खुर्चीत बसणाऱ्याच्या मांडीचा वरचा भाग आखडतो आणि कुल्ल्याचे स्नायू सुस्त होतात. मग तीच माणसं धावताना कंबर दुखते म्हणतात. बाजार चालू असताना दर पाऊण तासाने उभं राहून दहा बैठका मारा. स्क्रीन तेवढा वेळ थांबते.

लांबचं धावणं शनिवारी, रविवारी मुद्दाम नाही. रविवारी सोळा किलोमीटर काढलेत तर सोमवारी ९:१५ ला डोकं जड असतं. शनिवारी सुरुवात ८ किमीने, दर आठवड्याला एक ते दीड वाढवत, दर चौथ्या आठवड्याला साधारण एक तृतीयांश कमी. तेराव्या आठवड्यात १८ किमी, चौदाव्यात १५, पंधराव्यात १०, मग शर्यत. मधले आठ-दहा शनिवार आरे-वारेच्या किनाऱ्याकडच्या वाटेने जा. तिथल्या चढाला घड्याळ बघू नका, श्वास बघा. ऑक्टोबरच्या उकाड्यात तोच श्वास किलोमीटरला २० ते ४० सेकंद हळू वेग देतो. तो हवेतल्या दमटपणाचा परिणाम आहे: घाम वाळत नाही, म्हणून अंग निवत नाही. तुमची तयारी तेवढ्याने घटलेली नसते. पाऊस रेंगाळला असेल तर शेवाळलेल्या जांभ्याच्या पाखाड्यांवर, म्हणजे पायऱ्यांच्या वाटांवर, पळू नका, चालत उतरा.

घाम, कोकम, पेज

घामाचा वेग एकदा मोजून घ्या. कपड्यांशिवाय वजन करा, एक तास धावा, अंग पुसून पुन्हा वजन करा. ६८.० चं ६६.९ झालं आणि मध्ये ३०० मिली प्यायला असाल तर घाम १.४ लिटर. लांबच्या धावण्यात त्याच्या निम्म्याच्या आसपास, तहानेच्या कलाने प्या. तहान नसताना ढोसलेलं पाणी रक्तातलं मीठ पातळ करतं, आणि ते पाणी कमी पडण्याइतकंच धोक्याचं आहे.

पेय घरीच होतं, पण बाटली नीट ओळखा. आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, आधीच भरपूर मीठ असतं, अमृत कोकमात साखर. आगळ वापरायचं तर एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा आणि साखर सहा चहाचे चमचे, वरून मीठ अजिबात नाही. अमृत कोकम वापरायचं तर साखर नको, पाव चहाचा चमचा मीठ घाला. आगळावर पुन्हा मीठ टाकणं ही नेहमीची चूक, दहाव्या किलोमीटरला पोट ढवळतं. दीड तासाच्या वरच्या धावण्यात तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. पेयाच्या जोडीला बिया काढलेले पाच-सहा खजूर खिशात ठेवा.

शनिवारी निघण्याआधी उकड्या तांदळाची पेज सर्वांत सोसते: अर्धी वाटी तांदूळ, चार वाट्या पाणी, मीठ. रात्री शिजवून ठेवा, पहाटे गरम करून एक वाटी घ्या. मेतकूट चालेल, लोणचं आणि खोबरं परत आल्यावर. दिवसभरात वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं बघा. १०० ग्रॅम बांगड्यात सुमारे २० ग्रॅम मिळतात, तळण्यापेक्षा त्याचं तिखलं, म्हणजे दाटसर तिखट कालवण, करा.

थकलेल्या दिवशी सौदा किती

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमधल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. थकून बसणाऱ्याने हा आकडा टेबलासमोर चिकटवून ठेवावा.

हिशेब सोपा आहे. भांडवल १० लाख, एका सौद्यात जास्तीत जास्त अर्धा टक्का, म्हणजे ५,००० रुपये पणाला. शेअर ६४० ला घ्यायचा, स्टॉपलॉस (तोटा थांबवायला विकून बाहेर पडायचा भाव) ६२८ ला, फरक १२. पाच हजार भागिले बारा, ४१६ शेअर. सकाळचे ठोके वाढलेले आणि झोप कमी, तर त्या दिवशी निम्मे, २०८. स्टॉपलॉस जवळ आणून संख्या कायम ठेवायची नाही. थकलेला माणूस हाच मार्ग काढतो आणि नेहमीच्या चढउतारात बाहेर फेकला जातो. दिवसभरात दहा हजार गेले किंवा सलग तीन सौदे चुकले की संगणक बंद. त्याच संध्याकाळी रागाने धावायला जायचं नाही, बुधवारचा सराव पोटात राग घेऊन गुरुवारी पुन्हा केला की पोटरीच जाते.

धावताना फोनवर सौदे नकोत. रात्रीची पोझिशन ठेवून जीटीटी (ठरवलेला ट्रिगर भाव आला की आपोआप जाणारी ऑर्डर) लावलीत तरी बाजार ट्रिगर आणि लिमिटच्या खाली उघडला तर ऑर्डर पडून राहते, सौदा सुटत नाही. ९ ते ९:३० म्हणून टेबलावरच असा. इन्व्हर्टर, दुसऱ्या कंपनीचं सिम आणि ब्रोकरचा फोनवरून सौदा करायचा नंबर कागदावर लिहिलेला, एवढं ऑक्टोबरच्या गडगडाटाआधी तयार ठेवा.

शेवटचे दोन आठवडे

धावणं निम्म्यावर येतं, अंगात उगाच जोर साचतो, आणि नेमके त्याच सुमारास ऑक्टोबर-डिसेंबर तिमाहीचे निकाल सुरू होतात. तो जोर बाजारात ओतला जातो: संख्या वाढते, नवी पद्धत वापरून बघावीशी वाटते. या पंधरा दिवसांत सौद्याचा आकार चौदाव्या आठवड्यात होता तोच ठेवा आणि काहीही नवं करू नका, ना बाजारात ना बुटात.

शर्यतीआधीच्या शुक्रवारी ३:३० च्या आत सगळ्या अल्पकालीन पोझिशन बंद करा. शनिवारी वीस मिनिटं हलकं धावून पाय उंच ठेवून बसा. रविवारी पहिले तीन किलोमीटर ५:५० ने जा, मग ५:३८ वर या. पंधराव्यानंतर अंगात असेल तर ५:३० करा. सोमवारी जिना उतरताना मांड्या ओरडतील. त्या दिवशी इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकायचे सौदे) नाही, फक्त वही घेऊन बसा: सोळा आठवड्यांतले ठोके, झोप आणि नियम मोडलेले सौदे शेजारी शेजारी ठेवून वाचा.