लिलावात घेतलेली सरकारी गाडी सदोष निघाली तर
सरकारी लिलावातली गाडी बहुधा ‘जसे आहे, जिथे आहे’ या तत्त्वावर, म्हणजे आहे त्या अवस्थेत, कसलीही हमी न देता विकली जाते. गिअरबॉक्स गेलेला होता आणि कुणी सांगितलं नाही, एवढ्यावर तक्रार टिकणं कठीण. पाहणीची संधी दिली होती, हेच उत्तर मिळतं. दोष मुद्दाम दडवल्याचा पुरावा असेल तर गोष्ट वेगळी, पण तो हाती लागतो कुठे? म्हणून न सांगितलेल्यापेक्षा चुकीचं सांगितलेलं काय आहे ते शोधा. लिलावाच्या यादीत ‘चालू स्थितीत’ लिहिलंय आणि इंजिन जाम आहे, डिझेल म्हटलंय आणि गाडी पेट्रोलची आहे, चासी नंबर जुळत नाही: अशा विसंगतीला वजन असतं.

त्यासाठी बोली लावण्याआधीच यादीचं पान, फोटो आणि अटी जतन करून ठेवा. ताबा घेताना, गाडी आवारातून हलवण्यापूर्वी, नंबर ताडून पाहा, व्हिडिओ घ्या. फरक दिसला तर ताबा पावतीवर तिथेच शेरा लिहा. निमूट सही नको.

दोष नंतर कळला तर इंजिन लगेच खोलू नका (हा मोह फार होतो). एकदा खोललं की बिघाड कुणाच्या काळातला, हे सिद्ध करणं अवघड. आधी अटींतली तक्रारीची मुदत बघा, ती बरेचदा थोड्याच दिवसांची असते. मेकॅनिकचा अहवाल जोडून लेखी तक्रार द्या, पोच घ्या. मागणी शक्यतो पैसे परत मिळण्यापुरतीच ठेवा. दुरुस्ती आणि वाहतुकीचा खर्च बहुतेक अटींत आधीच वगळलेला असतो.