पंथाच्या आश्रमात पत्रकार: फाउंड फुटेज लघुपट कसा शूट करायचा

फाउंड फुटेज म्हणजे पात्रानेच चित्रित केलेलं आणि नंतर सापडलेलं फुटेज, असं भासवणारा चित्रपट. म्हणून पटकथेच्या आधी एक प्रश्न सोडवा: जिवावर बेतलं असताना हा माणूस कॅमेरा बंद का करत नाही? पात्र पत्रकार असेल तर थोडं सोपं जातं. 18 नोव्हेंबर 1978 रोजी गयानात, जिम जोन्सच्या पंथाची वस्ती असलेल्या जोन्सटाउनजवळच्या धावपट्टीवर, अमेरिकी वृत्तवाहिनी एनबीसीचा कॅमेरामन बॉब ब्राउन गोळी लागेपर्यंत चित्रण करत होता. तरी प्रत्येक प्रसंगाला वेगळं कारण द्या. आधी पंथप्रमुख बाबांची मुलाखत, मग वीज गेल्यावर कॅमेऱ्याचा दिवा हाच उजेड, शेवटी पुरावा. कारण सापडत नसेल तर तो प्रसंग काढा.

पुण्याच्या टीमला आश्रम म्हणून पौड-मुळशीकडचं मंगल कार्यालय सोयीचं. सभागृह, मोठं स्वयंपाकघर, ओळीने खोल्या, सगळं आयतं. पितृपंधरवड्यात लग्नं नसतात, त्यामुळे भाड्यात घासाघीस करता येते. आषाढ-श्रावणात जाऊ नका, पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की संवाद गेले. मालकाची लेखी परवानगी घ्या आणि पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा. रात्री किंकाळ्या ऐकून गाव काठ्या घेऊन येतं.

कॅमेरा सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50 सेकंद. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साध्या चोकची ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. 1/50 मध्ये बरोबर दोन लुकलुकी मावतात. मोबाइल 30 फ्रेम आणि 1/60 वर राहिला तर चित्रात पट्टे सरकतात. शिवाय मोबाइलचा फ्रेम रेट हलता असतो आणि लांब टेकमध्ये आवाज ओठांपासून सुटतो, म्हणून एडिटला बसण्याआधी फाइल स्थिर 25 वर बदलून घ्या. 100 एमबीपीएसने (सेकंदाला 100 मेगाबिट) रेकॉर्ड केलं तर तासाला 45 जीबी लागतात. कार्ड त्या हिशेबाने न्या.

थरथर एडिटमध्ये टाकू नका. तिथे जवळचा खांब आणि लांबचा डोंगर एकाच मापाने हलतात, आणि खोटेपणा लगेच कळतो. हातातल्या कॅमेऱ्याला थोडं वजन लावा, थरथर पुसणारं स्टॅबिलायझेशन बंद ठेवा. कट लपवायला झटकन वळलेला कॅमेरा, दारातला अंधार किंवा लेन्सवर आलेला भक्ताचा हात पुरतो.

भक्त बाराच असले तरी चालतं. सगळ्यांना एकाच रंगाचे कपडे द्या आणि पंगतीवरून कॅमेरा सावकाश फिरवा. फ्रेमबाहेर गेलेले मागून धावत येऊन पुढच्या पानावर बसतात. खऱ्या पंथाचा टिळा, घोषणा किंवा रंगसंगती मात्र घेऊ नका.

बाबांना ओरडायला लावणारे बहुतेक जण इथेच फसतात. बाबा हळू बोलतात, पत्रकाराचा प्रश्न त्यालाच परत विचारतात. भीती चिठ्ठीने आणा. जोन्सटाउनमध्येही बाहेर पडू पाहणाऱ्या एका रहिवाशाने पत्रकाराच्या हातात गुपचूप चिठ्ठी सरकवली होती.

शेवटच्या प्रसंगात चित्र कमी, आवाज जास्त ठेवा. जोन्सटाउनमधल्या, सामूहिक मृत्यूच्या वेळच्या अखेरच्या सभेची सुमारे 44 मिनिटांची टेप उरली आहे, नुसता आवाज, आणि ती ऐकवत नाही. कॅमेरा जमिनीवर आडवा पडू द्या. कॉलर माइक कॅमेरा धरणाऱ्याच्या छातीवरच असू द्या, म्हणजे त्याचा श्वास मिळतो. मात्र माइकला फरची टोपी घाला, नाहीतर डोंगरावरचा वारा सगळा ट्रॅक खाऊन टाकेल.