पुरानंतर विहीर आणि टाकीचे पाणी विषाणूंपासून सुरक्षित कसे करावे

गोदावरीला पूर आला की पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर पोहोचले, याची चर्चा नाशिकभर होते. पूर ओसरल्यावर गाळ उपसला जातो, भांडी धुतली जातात. पण त्या पाण्यात तुंबलेली गटारे, भरून वाहिलेले शौचालयाचे खड्डे आणि नासर्डीसारख्या नाल्यांचे पाणीही मिसळलेले असते. तेच पुढे चांदोरी-सायखेड्यापर्यंत काठच्या विहिरींत उतरते. अशा पाण्यात जिवाणू असतातच. विषाणूंचा बंदोबस्त मात्र थोडा वेगळा करावा लागतो, आणि नेमका तिथेच घोटाळा होतो.

सांडपाण्यातून येणारे नेहमीचे विषाणू म्हणजे ॲडिनोव्हायरस, रोटाव्हायरस, नोरोव्हायरस आणि कावीळ करणारे हिपॅटायटिस ए आणि ई. ॲडिनोव्हायरसचे ४० आणि ४१ हे प्रकार लहान मुलांना जुलाब लावतात. इतर काही प्रकारांमुळे ताप, घसा आणि डोळे येणे असा त्रास होतो. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. त्यांच्यावर चरबीचे आवरण नसते. त्यामुळे ते पाण्यात आठवडेच्या आठवडे टिकतात आणि हाताला चोळायच्या सॅनिटायझरला फारशी दाद देत नाहीत. हात साबणाने आणि वाहत्या पाण्यानेच धुवा.

जनावरांचे काय, हा प्रश्न नेहमी येतो. उसाच्या पट्ट्यात उघड्या विहिरीत कुत्रा, कोल्हा, कधी बिबट्याही पडतो. कुत्र्यांचा ॲडिनोव्हायरस माणसाला लागत नाही. कोंबड्यांमध्ये लीची रोग आणणारा ॲडिनोव्हायरसही माणसाला लागत नाही. हे विषाणू सहसा आपापल्या यजमानालाच धरून राहतात. म्हणूनच विहिरीत माणसाचा ॲडिनोव्हायरस सापडला, तर माणसाची विष्ठा तिथवर पोहोचली असे खुशाल समजावे. तरीही मेलेल्या जनावराने इतर जंतू येतात, उंदीर-कुत्र्यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरा येतो. विहिरीत जनावर मेले असेल तर पूर शिरल्यासारखीच पूर्ण प्रक्रिया करा.

आधी पाणी किती आहे ते मोजा. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि मग ७८५ ने गुणा. उत्तर लिटरमध्ये येते. व्यास ४ मीटर आणि पाणी ५ मीटर असेल तर साधारण ६३,००० लिटर. अंदाजाने ‘दोन ओंजळी’ टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकण्याची सवय सोडाच; त्यात एकतर औषध वाया जाते, नाहीतर विषाणू जिवंत राहतात.

पूर शिरलेली विहीर अशी साफ करावी:

१. आजूबाजूची जमीन पाण्याने फुगलेली असताना विहीर एकदम कोरडी उपसू नका, बांधकाम आत ढासळू शकते. बाहेरची पातळी उतरू द्या, मग टप्प्याटप्प्याने उपसा. डिझेल पंप विहिरीच्या आत ठेवू नका. त्याच्या धुराने आत उतरलेला माणूस दगावतो.

२. गाळ आणि पालापाचोळा काढा, कठडा आणि आतली भिंत घासून घ्या.

३. पाणी पुन्हा भरून निवळू द्या. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्च होते आणि कणांच्या आड विषाणू वाचतात.

४. आता मोठा डोस. ३३ टक्के ताकदीची ताजी टीसीएल पावडर १००० लिटरला ६० ग्रॅम, म्हणजे सुमारे २० पीपीएम (लिटरला २० मिलिग्रॅम क्लोरीन). वरच्या विहिरीला पावणेचार किलो. पावडर जुनी असून ताकद २५ टक्क्यांवर आली असेल तर १००० लिटरला ८० ग्रॅम. ढेकळे झालेली, ओलसर पावडर वापरूच नका.

५. पावडर थेट टाकू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोडे पाणी घालून लापशी करा, मग बादली भरा. एका बादलीत अर्ध्या किलोपेक्षा जास्त नको. १०-१५ मिनिटांनी चुना तळाशी बसतो. वरचे निवळ पाणी विहिरीत सगळीकडे फिरवून ओता. नाका-तोंडाला फडके, हातात मोजे, वारा पाठीशी.

६. पोहऱ्याने किंवा पंपाने पाणी ढवळा आणि रात्रभर तसेच ठेवा.

७. सकाळी वास जाईपर्यंत उपसा. हे पाणी शेततळ्यातल्या माशांना, नदीला किंवा द्राक्षबागेला देऊ नका. मोकळ्या पडीक जागेत जिरवा.

यानंतर रोजचा डोस १००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे या विहिरीला ३१५ ग्रॅम. टाकल्यावर किमान अर्धा तास पाणी वापरायचे नाही. पाण्याचा पीएच ८ च्या वर असेल तर क्लोरीन मंद चालते, मग तासभर थांबा.

डोस पुरला की नाही, हे ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणी सांगते; तिच्या थेंबांनी पाण्यातले क्लोरीन रंगावरून कळते. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात किमान ०.२ पीपीएम मोकळे (कशाशीही न जोडलेले) क्लोरीन हवे, पण विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा किमान ०.५. पुरानंतर आणि काविळीची साथ असताना दुसरा आकडा धरा. ओटीचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग पहिल्या दहा सेकंदांत वाचा. पाच मिनिटांनी गडद झालेला रंग फसवतो. सांडपाण्यातल्या अमोनियाशी जोडले गेलेले क्लोरीनही तोवर रंग देऊ लागते, आणि या जोडलेल्या क्लोरीनने ॲडिनोव्हायरस फार हळू मरतो. रंग उशिरा चढत असेल तर पाण्यात अजून मैला येतो आहे असे समजून शोध घ्या.

शोध कुठे घ्यायचा? शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर लांब हवा. आपल्याकडे मात्र काळ्या खडकाच्या भेगांमधून पाणी न गाळताच पळते, म्हणून खड्डा विहिरीच्या चढाला असेल तर तेवढे अंतरही पुरेसे मानू नका. बोअरवेलचे केसिंग जमिनीच्या वर आहे का, तोंडाला घट्ट झाकण आहे का, तेवढे बघा.

सोसायट्यांमध्ये दुखणे अंडरग्राउंड टाकीत असते. ड्रेनेजचे चेंबर शेजारी, टाकीला तडा आणि झाकण जमिनीलगत. शिवाय नळाला थेट मोटर लावली की लाइनमध्ये पोकळी होते आणि गळक्या जोडाशेजारचे गटाराचे पाणी आत ओढले जाते. थेट मोटर बंद करा. त्याचा त्रास फक्त तुम्हाला नाही, सगळ्या गल्लीला होतो. पाणी आल्यावर सुरुवातीचे गढूळ पाणी टाकीत न घेता सोडून द्या. टाकी घासून झाली की ती भरा, १००० लिटरला १५० ग्रॅम पावडरचे निवळ पाणी घाला, सगळे नळ वास येईपर्यंत सोडून बंद करा, चार तासांनी पूर्ण रिकामी करा आणि ताज्या पाण्याने धुवा.

‘घरात फिल्टर आहे’ यावर निश्चिंत राहू नका. चांगल्या कँडलची छिद्रे ०.२ मायक्रॉनची, म्हणजे २०० नॅनोमीटर. ॲडिनोव्हायरस ७० ते १०० आणि हिपॅटायटिस ए जेमतेम २७ नॅनोमीटरचा. अतिनील दिव्याचे गणित आणखी महत्त्वाचे आहे. घरगुती यंत्रांसाठी ४० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर ही मात्रा चांगली मानतात. नेहमीच्या दिव्याने ॲडिनोव्हायरस ९९.९९ टक्के निकामी करायला अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या तक्त्यात १८६ लागतात. त्याचा डीएनए दुपदरी असतो आणि पेशीत शिरल्यावर तिचीच यंत्रणा वापरून तो दुरुस्त होतो. क्लोरीनला हाच विषाणू सहज बळी पडतो. आरओचा पडदा धड असेल तर विषाणू अडतात, पण सील सैल झाले की नाही. तुरटीने गाळ बसतो, निर्जंतुकीकरण होत नाही.

म्हणून शंका असेल त्या काळात पाणी उकळाच. चारपदरी सुती फडक्याने गाळा आणि खळाळून उकळी फुटल्यावर एक मिनिट ठेवा. नाशिकच्या उंचीला तेवढे पुरते. त्याच भांड्यात झाकून गार करा.

पाणी तपासायची एचटूएसची (हायड्रोजन सल्फाइड चाचणीची) बाटली काळी पडली नाही, म्हणजे विषाणू नाहीत, असे होत नाही. ती चाचणी जिवाणूंची आहे आणि क्लोरीनने जिवाणू बऱ्याच विषाणूंच्या आधी मरतात.

घरात कोणाला उलट्या-जुलाब असतील तर सांडलेली घाण कागदाने उचला, मग लिटरला १५ ग्रॅम टीसीएलच्या निवळ पाण्याने जागा ओली करून दहा मिनिटे ठेवा. शौचालय साफ करायच्या ॲसिडमध्ये हे कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. बाळाला रोटाव्हायरसची लस ६, १० आणि १४ आठवड्यांना सरकारी केंद्रात मोफत मिळते, ती चुकवू नका. गरोदर बाईला काविळीची लक्षणे दिसली तर घरगुती औषधात एक दिवसही घालवू नका. शेवटच्या तिमाहीत हिपॅटायटिस ई जिवावर बेतते. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेचे मैलामिश्रित पाणी पुरवठ्यात शिरले तेव्हा सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली, तो हाच विषाणू.

एकाच गल्लीत किंवा वस्तीवर आठवड्यात दोन-तीन जणांना कावीळ किंवा जुलाब दिसले की आरोग्य केंद्राला कळवा आणि पाण्याचा नमुना नव्याने क्लोरीन टाकण्याआधी घ्यायला सांगा.